विंडोज बदलते, फाइल जागची हलत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला. तेव्हापासून म्हापसा, फोंडा, मडगाव येथील संगणकदुरुस्तीच्या दुकानांत ग्राहकाला हमखास एकच सल्ला मिळतो: विंडोज ११ हवे असेल तर मशीन फॉरमॅट करावे लागेल, तेव्हा जे जपायचे असेल ते आधी काढून ठेवा. देवस्थान समितीचे हिशेब, दिवाळी अंकाची लावलेली पाने, नाट्यप्रयोगांच्या संहिता आणि दहा-पंधरा वर्षांची छायाचित्रे ज्यांच्या संगणकात साठलेली आहेत, ते हा सल्ला ऐकून जुन्याच विंडोजवर दिवस काढतात. ही समजूत अगदीच निराधार नाही. गोव्यात सायबरएज योजनेमुळे घराघरांत संगणक आले त्या काळात वर्षाआड फॉरमॅट मारून विंडोज नव्याने घालणे हा सर्वमान्य उपचार होता, आणि तोच रिवाज दुकानदारांच्या हातात बसलेला आहे. आज मात्र चालू विंडोजवरच नवे विंडोज चढवता येते आणि फाइली, प्रोग्राम व सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. शेकडो जीबींचा मजकूर असलेल्या डिस्कवर हे तासा-दोन तासांत कसे साधते, हे समजून घेण्यासाठी डिस्कवर फाइल म्हणजे नेमके काय असते, तेथून सुरुवात करावी लागते.

विंडोजच्या डिस्कवरील मांडणीला एनटीएफएस म्हणतात. ती १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली आणि पुष्कळ सुधारणांसह आजही तीच चालते. या मांडणीत डिस्कची जागा सामान्यतः ४०९६ बाइटच्या तुकड्यांत विभागलेली असते. या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. फाइलचा मजकूर क्लस्टरांत राहतो. मात्र फाइलीचे नाव, तिची तारीख, ती कोणत्या फोल्डरात आहे आणि तिचा मजकूर कोणत्या क्लस्टरांत आहे, ही सारी माहिती 'मास्टर फाइल टेबल' नावाच्या वेगळ्या नोंदवहीत असते. या वहीतील एक नोंद साधारणतः १०२४ बाइटची असते. फाइल फार लहान, म्हणजे सुमारे ७०० बाइटपर्यंतची असेल, तर तिचा मजकूरही त्या नोंदीतच मावतो आणि तिच्यासाठी वेगळा क्लस्टर खर्ची पडत नाही. गंमत अशी की या वहीतील शून्य क्रमांकाची नोंद खुद्द या वहीचीच असते, आणि पाचव्या क्रमांकाची नोंद म्हणजे ज्याला आपण 'सी ड्राइव्ह' उघडल्यावर पाहतो ते सर्वांत वरचे फोल्डर.

गोव्यातील वाचकाला याचे स्वरूप एक-चौदाच्या उताऱ्यावरून चटकन कळेल. शेताच्या मालकीत फेरफार झाला की मामलेदार कचेरीतल्या कागदावरचे नाव बदलते. शेत, त्याचे बांध आणि त्यातली माडांची रांग जागची हलत नाही.

आता या रचनेतील सर्वांत सुंदर बारकाव्याकडे वळू. आपल्याला फाइलीचा पत्ता एका लांबलचक मार्गासारखा दिसतो: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात आपले नाव, त्यात डॉक्युमेंट्स आणि शेवटी फाइल. प्रत्यक्षात हा संपूर्ण मार्ग फाइलीच्या नोंदीत कोठेही लिहिलेला नसतो. तिथे केवळ आपल्या लगतच्या फोल्डराचा नोंदक्रमांक असतो. हा संदर्भ ६४ बिटांचा असून त्यातील ४८ बिट नोंदीचा क्रमांक सांगतात आणि उरलेले १६ बिट ती नोंद आजवर किती वेळा पुन्हा वापरली गेली ते सांगतात, जेणेकरून पुसलेल्या फाइलीच्या जागी दुसरी फाइल आल्यास जुना संदर्भ चुकून नव्या फाइलीला जाऊन चिकटू नये. फोल्डराच्या बाजूने पाहिले तर त्याच्यापाशी आपल्या लगतच्या मुलांच्या नावांची एक क्रमवार अनुक्रमणिका असते; ती बी-ट्री या पद्धतीने बांधलेली असल्यामुळे लाखभर नावांतूनही हवे ते नाव मोजक्या पायऱ्यांत सापडते.

याचा परिणाम काय होतो? समजा एका फोल्डरात दोन लाख फाइली आहेत आणि ते फोल्डर त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे हलवायचे आहे. जुन्या वरच्या फोल्डराच्या अनुक्रमणिकेतून एक नाव काढायचे, नव्या वरच्या फोल्डराच्या अनुक्रमणिकेत ते घालायचे आणि हलवलेल्या फोल्डराच्या स्वतःच्या नोंदीत वरच्याचा क्रमांक बदलायचा, एवढेच काम असते. आतल्या दोन लाख नोंदींना हातही लावावा लागत नाही, कारण त्या फाइलींना आपल्या लगतच्या फोल्डराचा क्रमांक तेवढा ठाऊक असतो आणि तो क्रमांक बदललेलाच नसतो. मजकुराच्या क्लस्टरांचा तर प्रश्नच येत नाही.

हे घरच्या घरी पडताळून पाहता येते. छायाचित्रांचे एखादे २०-३० जीबीचे फोल्डर 'कट' करून त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे 'पेस्ट' करावे. बोट उचलण्यापूर्वी काम झालेले असते. तेच फोल्डर पेनड्राइव्हवर 'पेस्ट' केले तर हिरवी पट्टी रेंगाळत पुढे सरकते, कारण पेनड्राइव्हची नोंदवही वेगळी असते आणि तिथे प्रत्येक क्लस्टरचा मजकूर वाचून नव्याने लिहावा लागतो. आज्ञा दोन्हीकडे एकच, पण पडद्यामागचे काम पूर्णपणे निराळे.

याच रचनेतून 'हार्ड लिंक' ही सोय निघते. एका नोंदीला एकाहून अधिक नावे देता येतात आणि ही नावे वेगवेगळ्या फोल्डरांत असू शकतात. नोंदीत नावांची संख्या लिहिलेली असते. एक नाव पुसले की ती एकने घटते आणि ती शून्यावर येईपर्यंत मजकुराची जागा मोकळी होत नाही. विंडोजच्या 'विनएसएक्सएस' या फोल्डराचा आकार पाहून अनेकजण दचकतात आणि ते पुसून टाकण्याचे उपाय शोधतात. त्या फोल्डरातील पुष्कळशा फाइली 'सिस्टीम ३२' या विंडोजच्या मुख्य फोल्डरातील फाइलींचीच दुसरी नावे आहेत, आणि एक्सप्लोररने मोजलेल्या आकारात त्या दोनदा धरल्या जातात. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेल्या स्थलांतराच्या साधनाने हीच युक्ती वापरली: वापरकर्त्याच्या फाइलींना तात्पुरते दुसरे नाव द्यायचे, जुने विंडोज बाजूला सारायचे आणि नवे बसल्यावर त्याच नोंदी नव्या फोल्डरांत दाखल करायच्या.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. पहिला टप्पा जुने विंडोज चालू असतानाच होतो: संगणक पात्र आहे का, कोणते प्रोग्राम व ड्रायव्हर (म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) आहेत याची यादी होते आणि नव्या विंडोजची प्रतिमा, म्हणजे सर्व फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा, डिस्कवर उतरवली जाते. ही प्रतिमा पद्धत विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासूनची आहे. त्याआधीच्या एक्सपीपर्यंत विंडोजच्या फाइली एकेक करून नकलल्या जात. संगणक पुन्हा सुरू झाला की एक लहानसे तात्पुरते विंडोज चालू होते. हे आवश्यकच असते, कारण चालू असलेले विंडोज स्वतःचेच फोल्डर स्वतःच्या पायाखालून काढू शकत नाही. या तात्पुरत्या विंडोजमधून जुने विंडोज फोल्डर 'विंडोज.ओल्ड' मध्ये सरकवले जाते आणि आधीच मांडून ठेवलेले नवे त्याच्या जागी येते. वर वर्णन केलेली नोंदीची फेरबदल इथे कामाला येते, म्हणूनच ही अदलाबदल आश्चर्य वाटावे इतकी लवकर उरकते. वेळ खातो तो नव्या फाइली उलगडण्याचा आणि पुढच्या दोन सुरुवातींत हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर बसवण्याचा भाग. 'डी ड्राइव्ह' वर काही असेल तर त्याच्या वाटेला कोणी जातच नाही.

पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या आपल्या राज्यात पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नोंदवहीतील प्रत्येक फेरफार करण्यापूर्वी एनटीएफएस तो एका वेगळ्या टिपणफाइलीत लिहून ठेवते. अर्ध्यावर वीज गेली, तर पुढच्या वेळी ते टिपण वाचून काम एकतर पुरे केले जाते नाहीतर पूर्ववत केले जाते. हे संरक्षण नोंदींपुरते असते, लिहिल्या जात असलेल्या मजकुरापुरते नसते. तेव्हा लॅपटॉप चार्जरला लावून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवूनच हे काम करावे.

फाइलींच्या मानाने प्रोग्राम सांभाळणे अवघड असते. प्रोग्राम एका फोल्डरात नांदत नाही: त्याचा काही भाग प्रोग्राम फाइल्समध्ये, काही वापरकर्त्याच्या फोल्डरात लपलेला, काही सिस्टीम ३२ मध्ये सामाईक, आणि त्याची ओळख, परवाना व सेटिंग्ज रजिस्ट्रीत असतात. रजिस्ट्री म्हणजे सिस्टीम, सॉफ्टवेअर अशा नावांच्या काही मोठ्या फाइली आणि शिवाय प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र फाइल. म्हणून प्रोग्राम फाइल्सचे फोल्डर पेनड्राइव्हवर नकलून नव्या विंडोजमध्ये टाकले तर बहुतेक प्रोग्राम उघडत नाहीत. अपग्रेड करणारा प्रोग्राम ठरावीक नियमांनुसार रजिस्ट्रीतील कोणत्या शाखा जशाच्या तशा न्यायच्या आणि कोणत्या नव्याने बांधायच्या हे ठरवतो. त्याआधी 'रजिस्ट्री साफ करून संगणक दुप्पट वेगवान करा' अशा जाहिरातीला भुलून कोणी रजिस्ट्री क्लीनर चालवला असेल, तर याच शाखांतील एखादी कापली गेलेली असण्याची शक्यता असते. मायक्रोसॉफ्ट अशा साधनांना पाठिंबा देत नाही, आणि त्यांनी वेग वाढतो या दाव्यात मला काडीचेही तथ्य दिसत नाही.

येथवरचे सारे एका अटीवर अवलंबून आहे: अपग्रेड चालू विंडोजच्या आतून सुरू केले पाहिजे. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला तर प्रोग्राम राखण्याचा पर्याय मिळतच नाही, आणि दुकानांत बहुधा हेच घडते. नव्या विंडोजची आयएसओ फाइल (म्हणजे संपूर्ण डीव्हीडीची एका फाइलीतील नक्कल) जुन्या विंडोजमध्ये उघडून त्यातील सेटअप चालवावा आणि 'फाइली व अ‍ॅप्स राखा' हा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करावी. तो पर्याय फिका पडलेला असेल तर मूळ भाषा जुळत नसण्याची शक्यता असते. इथे इंग्रजीतही भेद आहे: जुने विंडोज अमेरिकी इंग्रजीचे आणि नवी फाइल 'इंग्लिश इंटरनॅशनल' ची असेल तर प्रोग्राम राखले जात नाहीत. विंडोज १० हे ३२ बिटांचे असेल तर मार्गच बंद होतो, कारण विंडोज ११ केवळ ६४ बिटांचे आहे. डॉसच्या जमान्यातील १६ बिटांचा हिशेबाचा प्रोग्राम अजून ज्यांच्याकडे चालतो, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालणार नाही. पाने लावण्याच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला लावायची किल्ली, असेल तर त्याचा नवा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे.

पात्रतेच्या अटींत टीपीएम २.० या सुरक्षा-चिपचा अडसर पुष्कळांना येतो. अनेक संगणकांत ती सोय प्रोसेसरमध्येच असते आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, फक्त बंद ठेवलेली असते. तिथे हात घालण्याआधी डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू आहे का ते बघून त्याची ४८ अंकी रिकव्हरी-की कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमधील बदलानंतर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर सर्व फाइली डिस्कवर शाबूत असूनही वाचता येत नाहीत.

खंडेनवमीला संगणकाला झेंडूची माळ घालायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु अपग्रेडसाठी अमावास्या टाळणारे आणि प्रसंगी देवाचा कौल घेणारेही भेटतात. डिस्कवर खराब सेक्टर असतील तर उजवा कौल मिळूनही ते सुधारत नाहीत. आधी डिस्कची तपासणी करावी, सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी जागा मोकळी ठेवावी आणि महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. अपग्रेडची रचना कितीही चोख असली तरी ती एकाच डिस्कवर घडते, आणि त्याच वेळी ती डिस्क मोडणार नाही याची हमी कोणतीही मांडणी देऊ शकत नाही.

अपग्रेड झाल्यावर काही बिनसले, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधील रिकव्हरीतून जुन्या विंडोजकडे परतता येते. परतताना तीच अदलाबदल उलट्या दिशेने होते. मधल्या काळात तयार केलेल्या फाइली राहतात, नव्याने घातलेले प्रोग्राम जातात. ही मुदत 'डिस्म' या साधनाने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती संपण्यापूर्वीच वाढवावी लागते. मुदत उलटली की विंडोज.ओल्ड आपोआप पुसले जाते, नोंदी मोकळ्या होतात, आणि एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर त्या क्लस्टरांची आता गरज नसल्याचे डिस्कला लगेच कळवले जाते. त्यानंतर फाइली परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातीही सहसा काही लागत नाही.