पोपनेच बंद केलेला संघ: जेझुइट फादरांची मागची गोष्ट

मुंबईत झेवियर्स म्हटलं की लोकांना मल्हार फेस्टिव्हल आठवतो, पण ते कॉलेज चालवणारे जेझुइट फादर म्हणजे नेमके कोण हे फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवात एका जखमी शिपायापासून झाली. इग्नेशियस लोयोला, स्पेनच्या बास्क भागातला, सरदार घराण्यातला. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. हाड वाकडं जुळलं म्हणून परत मोडून बसवलं, तरी एक टोक वर आलेलं दिसायचं, तर घट्ट बूट घालता यावेत म्हणून याने तेही कापायला लावलं, आणि तेव्हा भूल वगैरे काही नव्हती बरं का! पडून राहावं लागलं तेव्हा वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, घरात मिळाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं, तीच वाचून गडी बदलला. १५३४ ला पॅरिसमध्ये सहा दोस्तांसोबत व्रत घेतलं, १५४० ला पोप तिसऱ्या पॉलने त्यांच्या जेझुइट संघाला, म्हणजे कॅथलिक व्रतस्थांच्या या संघटनेला, मंजुरी दिली.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं इतर संघांतही होती. यांनी चौथं जोडलं, की पोप धाडेल तिकडे निघायचं. त्यासाठी मठात जमून दिवसभराच्या प्रार्थना गाणं बंद, ठराविक झगाही नाही. सहा दोस्तांतला फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला सुद्धा. (गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोही ठरवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आणा असं पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये यानेच लिहिलं होतं, हे त्याला गोंयचो सायब म्हणताना लोक सहसा सांगत नाहीत.)

शाळा काढणं मूळ प्लॅनमध्ये नव्हतंच, पण १५४८ ला सिसिलीत मेसिनाला कॉलेज निघालं आणि मग थांबलेच नाहीत. राजांची पोरं शिकवायची, राजांचे पापनिवेदन ऐकायचं, म्हणजे सत्तेच्या कानाशी बसायचं, तेच अंगाशी आलं. पोर्तुगालचा कारभार हाकणारा मंत्री पोंबाल, त्याने १७५९ मध्ये यांना हाकललं, गोव्यातूनही, बॉम जेझूचं चर्च आणि झेवियरचं शव मागे राहिलं. फ्रान्स, स्पेननेही तेच केलं आणि राजांच्या दबावाखाली १७७३ ला पोप चौदाव्या क्लेमेंटने अख्खा संघच विसर्जित केला. ज्याच्या शब्दासाठी खास व्रत घेतलं त्यानेच! संघाचे प्रमुख लोरेन्झो रिच्ची रोममध्ये कैदेतच वारले.

वाचले ते रशियात. कॅथरीन राणी ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणाऱ्या चर्चची, पोपचा हुकूम तिने आपल्या राज्यात जाहीरच होऊ दिला नाही, तिला शाळा चालवणारी माणसं हवी होती. मग १८१४ मध्ये पोप सातव्या पायसने संघ परत उभा केला.

मुंबईत कॉलेज १८६९ चं, तेव्हा इथे जर्मन जेझुइट होते. पहिल्या महायुद्धात ते इंग्रजांच्या लेखी शत्रू ठरले, मग स्पेनमधून माणसं आली, त्यातलेच फादर हेरास. त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था उभी केली आणि सिंधू लिपीच्या मागे वर्षानुवर्षं लागले. लिपी अजून कुणाला सुटलेली नाही, संस्था मात्र कॉलेजात चालू आहे.