जबड्याच्या हाडातला पू आणि लागू न पडणारी गोळी

दाढ काढून दोन महिने झालेत. तोंडातली जखम वरून मिटली आहे, पण जबड्याखाली बारीक छिद्र पडलंय आणि त्यातून अधूनमधून पू येतो. आधी ‘सहाशे पंचवीस’ (अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची गोळी) पाच दिवस झाली, मग जोडीला मेट्रो, म्हणजे मेट्रोनिडाझोल, मग मेडिकलवाल्याने दिलेली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही आणखी एक अँटिबायोटिक जोडगोळी. दर वेळी ठणका चार दिवस ओसरतो आणि पुन्हा उसळतो. अशा वेळी ‘याहून जालीम गोळी कोणती?’ असं विचारलं जातं. हा प्रश्न खरं तर चौथ्या-पाचव्या नंबरचा आहे.

वरच्या जबड्याला चहूबाजूंनी रक्तवाहिन्या पोचतात. खालच्याचा आतला भाग मात्र मुख्यतः हाडाच्या बोगद्यातून जाणाऱ्या एकाच धमनीवर जगतो आणि त्याचं बाहेरचं कवच जाड असतं. दाताच्या मुळाशी साचलेला पू या कवचात कोंडला की दाब वाढतो, बारीक वाहिन्या चेपतात आणि हाडाचा तुकडा मरतो. त्याच बोगद्यातून खालच्या ओठाची नसही जाते. म्हणून सूज आणि दुखण्यासोबत अर्धा ओठ बधिर झाला, तर संसर्ग हाडात उतरल्याची शंका घ्यायची.

या मेलेल्या तुकड्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. गोळी रक्तातून प्रवास करते आणि तुकड्यात रक्तच जात नाही. शिवाय त्यावर जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, बसलेला असतो. त्यातल्या जंतूंना मारायला मोकळ्या जंतूंपेक्षा शेकडो पट औषध लागू शकतं, आणि तेवढं देता येत नाही. म्हणून सर्जन आधी तुकडा काढतात. मेलेलं हाड कोरडं, पांढरट-पिवळट दिसतं, खरवडलं तरी रक्त येत नाही. बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, घासत घासत हाडातून रक्ताचे ठिपके उमटू लागले की तिथे हात थांबवायचा. कारणीभूत दातही काढायचा किंवा त्याचं रूट कॅनाल करायचं. हे राहिलं, तर पुढची प्रत्येक गोळी पंधरा दिवसांची उसनवारी.

आता औषधाकडे. मांडी-नडगीच्या हाडात बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडतो. जबड्यात तोंडातलेच स्ट्रेप्टोकोकाय आणि प्राणवायू न सोसणारे प्रिव्होटेला, फ्यूसोबॅक्टेरियम, पार्व्हिमोनास यांचं कडबोळं असतं. त्यामुळे अमॉक्सिसिलिन अजूनही पहिल्या रांगेत आहे. प्रिव्होटेलाच्या अनेक जाती पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतात. ते अडवायला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. ६२५च्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम हे आम्ल असतं. हाडाच्या संसर्गात ती ८-८ तासांनी, जेवणाच्या सुरुवातीला घ्यायची. पेनिसिलिनकुळातली औषधं रक्तात किती उंच चढली यापेक्षा जंतूला रोखणाऱ्या पातळीच्या वर किती वेळ टिकली, यावर काम करतात; दुपारची गोळी चुकली की तोच वेळ कापला जातो. जोर वाढवायला स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नयेत. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लही दुप्पट होतं आणि जुलाब सुरू होतात.

यावर मेट्रोनिडाझोल चढवायची सवय आपल्याकडे फार. ६२५ आधीच प्राणवायू न सोसणाऱ्या जंतूंचा समाचार घेते, त्यामुळे भर सहसा फुकट जाते. वाट्याला येते तोंडाची धातूसारखी चव आणि मळमळ, कित्येक आठवडे चाललं तर हातापायांना मुंग्या. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा परिणामही वाढतो. मेट्रो शोभते ती साध्या अमॉक्सिसिलिनच्या जोडीला. एकटी देऊन उपयोग नाही, कारण स्ट्रेप्टोकोकाय तिला जुमानत नाहीत. गंमत म्हणजे प्राणवायू न सोसणाऱ्या जंतूंना मारायचा तिचा गुण हिरड्यांतच सापडला. औषध होतं योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास या परजीवीसाठी. १९६२ साली ब्रिटनमधल्या शिन या दंतवैद्यांनी नोंदवलं, की त्या उपचारात एका स्त्रीच्या हिरड्यांचे व्रणही बरे झाले.

पेनिसिलिनची खरीखुरी ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन, साधारण ३०० मिलिग्रॅम दर ६ ते ८ तासांनी. ‘हाडात शिरणारं औषध’ अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी नाही, पण अमॉक्सिसिलिनसुद्धा रक्तातल्या पातळीच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकं हाडात पोचतं, आणि हे स्ट्रेप्टोकोकाय बहुधा तेवढ्यात मरतात. क्लिंडामायसिनचा धोका आतड्यात आहे: क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल माजून होणारे जुलाब. वारंवार पातळ शौच होऊ लागलं तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचं. जुलाब बांधणारी गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. जेन्टामायसिन इथे फारसं चालत नाही, कारण ते जंतूच्या आत शिरायलाच प्राणवायू लागतो.

आणि ओफ्लॉक्सासिन? स्ट्रेप्टोकोकायवर ते जेमतेम. शिवाय त्या कुळातली औषधं क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबतात. जबड्याचा क्षय विरळा असला, तरी आपल्या देशात तो डोक्यात ठेवावाच लागतो. रुग्णाला थोडा आराम पडतो आणि निदान काही महिने पुढे ढकललं जातं.

म्हणून आधी नमुना तपासायचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. छिद्राच्या तोंडावर कापसाची काडी फिरवली की त्वचेवरचे आणि लाळेतले जंतू उगवतात, हाडातले नाहीत. पू साचला असेल तर बाहेरची त्वचा पुसून सुईने ओढायचा, सिरिंजमधली हवा काढून टाकायची आणि लगेच लॅबला द्यायचा. हाडाचे दोन वाटे करायचे: एक निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, दुसरा फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. घाईत पूर्ण तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत पडला की जंतू तिथेच मेले. मग ‘नो ग्रोथ’चा रिपोर्ट येतो आणि सगळे पुन्हा अंदाजाने गोळ्या लिहू लागतात. रुग्णाला ताप नसेल, सूज पसरत नसेल, तर नमुन्याआधी सुमारे दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवणंही परवडतं.

पुवात पिवळसर कण दिसले तर लॅबला ‘ॲक्टिनोमायसिस शोधा’ असं लिहून कळवायचं. हा जंतू सावकाश वाढतो. प्लेट दोन-तीन दिवसांत टाकून दिली तर सापडत नाही, कल्चर दोन आठवडे ठेवावं लागतं. मेट्रोनिडाझोल याच्यापुढे निकामी. याला मारतं ते जुनं पेनिसिलिन. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच औषधासाठी. आजार पसरलेला असेल तर शिरेतून रोज १८० ते २४० लाख युनिट २ ते ६ आठवडे, नंतर तोंडाने पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन ६ ते १२ महिने. मर्यादित आजारात, हाड नीट साफ झालं असेल तर याहून कमीही पुरतं.

काही वेळा अँटिबायोटिक हे उत्तरच नसतं. २०२१मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात मधुमेह्यांचे वरचे दात हलू लागले, टाळू काळी पडली, ती म्युकरमायकोसिस ही बुरशी होती. तिथे अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध आणि तातडीची शस्त्रक्रिया लागली. वरच्या जबड्याचं हाड कुजणं मुळातच कमी, म्हणून तिथे बुरशीचा विचार आधी. झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांची इंजेक्शनं घेतलेल्यांत, आणि तंबाखूच्या कॅन्सरसाठी जबड्यावर किरणोपचार झालेल्यांत, हाडाची भरून यायची ताकदच गेलेली असते. डॉक्टरांपुढे बसताना हा इतिहास, शुगरचे आकडे आणि आजवर खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप सोबत असाव्यात.

किती दिवस? मेलेलं हाड काढल्यापासून मोजून साधारण सहा आठवडे. सगळे दिवस सलाइन लावून पडायची गरज नसते. ब्रिटनमधल्या २६ केंद्रांत १,०५४ रुग्णांवर झालेल्या ओव्हिव्हा चाचणीत हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे तोंडाने दिलेली औषधं शिरेतून दिलेल्या औषधांच्या तोडीस तोड ठरली, अपयश १३.२ टक्के विरुद्ध १४.६ टक्के. २०१९ साली हे निष्कर्ष छापून आले. त्यात जबड्याचे रुग्ण मुख्य नव्हते, पण तत्त्व इथेही लागू धरलं जातं. अट एकच: जंतूवर चालणारी आणि पोटातून नीट शोषली जाणारी गोळी निवडलेली हवी.

बरं वाटतंय की नाही हे छिद्र, ठणका आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) सांगतात. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, विसंबू नये. हाडातले ३० ते ५० टक्के क्षार गेल्याशिवाय एक्स-रेवर काही दिसत नाही, आणि भरून आलेलं दिसायलाही महिने जातात. छिद्र बुजलंय, सीआरपी खाली आलाय आणि फोटोत काळा डाग तसाच आहे, एवढ्यावरून सातव्या आठवड्याच्या गोळ्या लिहू नयेत.