आरक्षण, अशील आणि महासभा: खानदेशातील आर्किटेक्ट नगरसेवकांमागची पार्श्वभूमी

जळगाव किंवा धुळ्याच्या महापालिकेत एखादा आर्किटेक्ट निवडून आला की दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटतात. नकाशा वाचता येणारा माणूस सभागृहात गेला, आता शहराला वळण लागेल, असे काहींना वाटते. ज्याच्या कचेरीत बांधकाम परवानग्यांच्या फायली तयार होतात तोच आता नगररचना विभागावर देखरेख करणार, अशी धास्ती इतरांना वाटते. दोन्हींची मुळे कायद्याच्या रचनेत आहेत.

खानदेशातील नगररचनेचा आरंभ लोकनियुक्त सभागृहाने केलेला नाही. इंग्रजी अंमल आल्यावर १८१९ च्या सुमारास नव्या धुळ्याचे सरळ रस्ते आणि समांतर गल्ल्या आखल्या गेल्या, त्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने. या आखणीचे श्रेय पुढे देशभर नावाजलेल्या एका अभियंत्याला देण्याची रीत शहरात आहे. परंतु तो अभियंता सरकारी नोकरीत आला १८८४ मध्ये, आणि धुळ्यात त्याने केलेले काम पांझरेच्या पाण्याशी संबंधित होते. जळगावात नगरपालिका १८६४ मध्ये आली. विकास योजना, म्हणजे शहरातील जमिनींच्या वापराचा आराखडा, तयार करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले ते १९५४ च्या कायद्याने, आणि ११ जानेवारी १९६७ पासून लागू झालेला १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम हाच आजच्या सगळ्या व्यवहाराचा पाया आहे.

१९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी राखून ठेवली, पण इमारतीचे आराखडे करण्याचे काम मात्र राखून ठेवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. भुसावळ, अमळनेर, नंदुरबार अशा गावांत आजही बरेचसे नकाशे सिव्हिल इंजिनिअर करतात आणि लोक त्यांनाही आर्किटेक्टच म्हणतात. त्यामुळे पुढील मुद्दे या दोघांनाही लागू पडतात.

खरा गुंता हितसंबंधांच्या तरतुदीत आहे. जळगाव आणि धुळे येथे २००३ मध्ये महापालिका स्थापन झाल्या आणि तेथील नगरसेवकांना नगरपालिकांसाठीच्या १९६५ च्या कायद्याऐवजी महापालिकांसाठीचा १९४९ चा कायदा लागू झाला. दोन्ही कायद्यांत एक अट समान आहे: एखाद्या अशिलाच्या वतीने ज्या विषयात सदस्याचा व्यावसायिक संबंध असेल, त्या विषयात सदस्य म्हणून त्याने भाग घेतल्यास त्याचे पद धोक्यात येते. वकिलाच्या बाबतीत ही अट समजायला सोपी आहे, कारण वकीलपत्र असते आणि खटला एक असतो. आर्किटेक्टच्या बाबतीत ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे सांगणे कठीण आहे. बांधकाम परवानगीची फाइल महासभेपुढे येतच नाही. तो अधिकार आयुक्तांचा असून व्यवहारात नगररचना विभाग तो वापरतो. म्हणजे ज्या फायलीबद्दल लोकांना शंका असते, तेथे ही अट सहसा लागूच होत नाही. महासभेपुढे येते ती विकास योजना, १९६६ च्या अधिनियमातील कलम ३७ खालील तिच्यातले फेरबदल आणि आरक्षित जागांच्या (योजनेत उद्यान, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींच्या) संपादनाचे प्रस्ताव. वीस वर्षे व्यवसाय केलेल्या माणसाने ले-आउट (भूखंडांची आखणी) करून दिलेल्या जमिनी त्या योजनेत ठिकठिकाणी असणारच. दहा वर्षांपूर्वीचा अशील आजही अशील मानायचा का? भागीदाराच्या नावाने चालणारे काम मोजायचे का? काटेकोर अर्थ लावला, तर शहरातील सर्वांत अनुभवी आर्किटेक्टने शहराच्या योजनेवर तोंडच उघडू नये असे ठरते. सैल अर्थ लावला, तर अट केवळ कागदावर उरते. प्रस्तुत लेखकाच्या मते काटेकोर अर्थ व्यक्तिगत जागेच्या प्रस्तावांना लावावा आणि संपूर्ण योजनेवरील चर्चेला लावू नये. मात्र सदस्याने आपल्या कामांची यादी आधी जाहीर केली पाहिजे.

यातही सर्वाधिक वाद होतो तो त्याच अधिनियमाच्या कलम १२७ वर. अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला जमीन घेण्यास सांगणारी खरेदी-सूचना देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने संपादनाची कारवाई सुरू केली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही मुदत आधी सहा महिने होती. २००९ मध्ये ती बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. मुदत वाढवण्यामागे कारण होते. केवळ ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणे पुरेसे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिल्याने पालिकांची पळवाट बंद झाली होती. जळगावसारख्या कर्जाखाली वर्षे काढलेल्या महापालिकेला उद्यानासाठी किंवा शाळेसाठी मोबदला उभा करणे जड जाते. रोख रकमेऐवजी टीडीआर (इतरत्र वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क) देता येतो, पण जमिनीचे भाव बेताचे असलेल्या शहरात त्याला मोठ्या शहरांइतका उठाव नसतो. अशा वेळी जागा घ्यायची की सोडायची यावर महासभेत मतदान होते आणि मोबदल्याचा, पर्यायी जागेचा, शेजारच्या भूखंडांवर होणाऱ्या परिणामांचा हिशेब मांडू शकणारा सदस्य नेमका तोच असतो, ज्याच्या मताकडे संशयाने पाहिले जाते. अनेकदा तो गैरहजर राहतो आणि मैदानाची जागा चर्चेविना जाते.

तज्ज्ञांसाठी कायद्याने दुसरी वाटही ठेवली आहे. प्रारूप योजनेवरील हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार असतात. निवडणूक न लढवता शहराच्या आखणीवर प्रभाव टाकण्याची ही जागा आहे. मात्र योजनेचे काम झाले की समितीचेही काम संपते, आणि आरक्षणांचे खरे भवितव्य त्यानंतरच्या वीस वर्षांत ठरते.

अलीकडच्या दोन घडामोडींनी चित्र आणखी बदलले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवर परवान्याचा मोठा भार आर्किटेक्टच्या सहीवर आला. त्यानंतर, २०१८ मध्ये निवडून आलेल्या जळगाव आणि धुळ्याच्या महासभांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. हितसंबंधांची अट सदस्यत्वाबरोबरच संपत असल्यामुळे, ज्या आरक्षणांवर त्यांनी मते दिली होती त्याच जागांच्या मालकांसाठी नकाशे करून देण्यास माजी नगरसेवकांना अडथळा उरला नाही. पद सुटल्यावर अशी कामे किती काळ घेऊ नयेत, याची मुदत दोन्हींपैकी कोणत्याही कायद्यात घातलेली नाही.