मेलेल्या विषाणूचा प्रवास

अतिधोकादायक विषाणूंच्या प्रयोगशाळेचं नाव बातमीत आलं, की जैविक अस्त्रांच्या कहाण्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. त्यांतली प्रयोगशाळा नेहमी एकलकोंडी, कुलूपबंद. खरं तर बीएसएल-४ दर्जाच्या, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळांचं एकमेकींवाचून पानही हलत नाही.

१९७६ साली झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) एका आजारी ख्रिस्ती जोगिणीचं, म्हणजे ननचं, रक्त बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्रयोगशाळेत पोहोचलं ते थर्मासमधून, प्रवासी विमानाने. बर्फ वितळलेला, एक कुपी फुटलेली! पुढे नमुने इंग्लंडमध्ये पोर्टन डाऊनच्या आणि अमेरिकेत अटलांटाच्या प्रयोगशाळेत गेले, आणि विषाणू नवा असल्याचं पक्कं झालं. तोच इबोला.

आता जिवंत विषाणू तिहेरी आवरणात, परवान्यांचा गठ्ठा घेऊन जातो. पण बऱ्याच कामांना तो जिवंत लागतच नाही. नमुन्यात ग्वानिडिनियम थायोसायनेट हे रसायन आणि पुरेसं अल्कोहोल मिसळलं, की विषाणूचं मेदाचं आवरण फाटतं आणि प्रथिनांच्या घड्या उलगडतात. आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती असलेला रेणू, तोडणारी विकरंही (एन्झाइम्स) निकामी होतात, म्हणून आरएनए शाबूत राहतो.

मग तो आरएनए घातक नाही का? गंमत इथेच आहे. इबोलाचा सुमारे १९,००० अक्षरांचा आरएनए ‘ऋण’ जातीचा. आपल्या पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला तो वाचताच येत नाही. आधी त्याची पूरक प्रत काढावी लागते आणि ती काढणारं विकर विषाणू स्वतःसोबतच आणतो. ते विकर मेलं, की उरतो तो नुसता मजकूर. ‘धन’ आरएनएवाल्या विषाणूंचं तसं नाही. त्यांचा उघडा आरएनए पेशीत शिरला तरी नवे विषाणू तयार होऊ शकतात. म्हणून रसायन तेच असलं तरी नियम वेगळे.

शिवाय ‘मेला’ म्हणजे खरंच मेला का? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डगवे इथल्या लष्करी केंद्रातून गॅमा किरणांनी मारलेले म्हणून अँथ्रॅक्सच्या जिवाणूंचे बीजाणू अनेक प्रयोगशाळांना, अगदी दक्षिण कोरियातल्या तळालाही गेले. काही नमुन्यांत जिवंत बीजाणू निघाले. कटबिट काही नव्हतं, पडताळणीच अपुरी होती.

विषाणूंची पडताळणीही किचकट असते. मारणारं रसायन आधी काढून टाकावं लागतं, नाहीतर तेच चाचणीच्या पेशी मारतं. मग नमुना पेशींवर टाकायचा, लागण होते का याची वाट पाहायची, वरचा द्रव नव्या पेशींवर टाकून पुन्हा वाट पाहायची. कॅनडाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बीएसएल-४-झेडनेटसारख्या जाळ्यांचा उपयोग इथे होतो : कार्यपद्धती आणि प्रशिक्षण वाटून घेता येतं. तरीही २०१७च्या अमेरिकी नियमांनुसार सरकारच्या घातक जंतूंच्या यादीतल्यांसाठी दुसऱ्याची पद्धत नुसती उचलून चालत नाही; ती स्वतःच्या प्रयोगशाळेत सिद्ध करून मगच मृत्यूचा दाखला द्यावा लागतो.