कळतं, पण वळत नाही

"तुमचं सगळं पटतं हो, पण आतून तसं वाटत नाही." समुपदेशकाला हे वाक्य वारंवार ऐकावं लागतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचं म्हणणं असं, की घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज जास्त छळतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. 'मला मान मिळावा' ही इच्छा. 'मिळालाच पाहिजे' ही मागणी. सगळी गडबड त्या 'च'ची!

आता हा 'च' चुकीचा आहे, हे बऱ्याच जणांना दोन भेटींत कळतं. वळत नाही. बुद्धीला पटणं आणि मनात मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एलिसनी १९६३ मध्येच लिहून ठेवलं होतं. इथे समुपदेशक आणखी जोरात वाद घालू लागला तर समोरचा आणखी घट्ट होतो. आपल्यावर मत लादलं जातंय असं वाटलं, की माणूस नेमका उलट्या बाजूला सरकतो. घरोघरी हेच तर चालतं.

म्हणून एक गमतीदार युक्ती वापरतात: बाजू बदलायच्या. समुपदेशक म्हणतो, "बरोबरच आहे, मुलाखतीत नापास झालात म्हणजे तुम्ही कुचकामीच." आता खोडून काढायचं काम समोरच्याचं, तेही तावातावानं. मिळमिळीत उत्तर चालत नाही. अर्थात आधी विश्वास जुळलेला हवा, नाहीतर ही युक्ती जखमेवर मीठ ठरेल.

दुसरा मार्ग कल्पनेचा. डोळे मिटून तो नको असलेला प्रसंग उभा करायचा, छातीतली धडधड येऊ द्यायची आणि तिथेच थांबून भीतीची साधी काळजी होईपर्यंत, शरमेची साधी खंत होईपर्यंत भावना बदलायची. मग आठवायचं, की त्या क्षणी आपण स्वतःला काय सांगितलं? हा सराव रोज काही मिनिटं, काही आठवडे करायचा.

आणि शेवटी कृती. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात, बाकावर एकटी दिसेल त्या प्रत्येकीशी बोलायचं ठरवलं. त्यांच्याच सांगण्यानुसार सुमारे तीस जणी उठून गेल्या, शंभरेक जणींशी बोलणं झालं. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण पोलिसांना कुणीच बोलावलं नव्हतं.