अणुकेंद्रांची राखण आणि संगणकावर खेळवलेले हल्ले : पार्श्वभूमी

कोल्हापुरात अणुऊर्जेचा विषय निघतो तो जैतापूरमुळे. अणुस्कुरा घाट उतरून राजापूर गाठलं की जैतापूर प्रकल्पाचं गाव माडबन फार लांब नाही, आणि तिथे प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. भूकंप, मासेमारी, जमिनीचा मोबदला यांवर इथे भरपूर बोलून झालं. कुंपण ओलांडून कुणी आत शिरलं तर त्याला अडवता येईल की नाही, आणि हे आधीच संगणकावर कसं तपासतात, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. संगणकशास्त्राची मुलं अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेऊन येतात तेव्हा पहिली ठेच लागते ती शब्दाला. मराठीत दोन्हीला आपण ‘सुरक्षा’ म्हणतो. भट्टी बिघडून माणसाला इजा होऊ नये ही एक सुरक्षा, आणि माणसाने मुद्दाम भट्टीला इजा करू नये ही दुसरी. आग लागली तर दार आतून झटकन उघडलं पाहिजे, असं पहिली सांगते. तेच दार सहजी उघडता कामा नये, असं दुसरी. खाली जे लिहिलंय ते दुसरीबद्दल. तिला इथे राखण म्हणतो.

राखणीचं गणित मुळात साधं आहे. गुजरीतलं एखादं सराफी दुकान घ्या. चोराला शटर तोडायला तीन मिनिटं लागतात असं धरू, आतली जाळी कापायला दोन, तिजोरी फोडायला सहा. पोलीस सात मिनिटांत येतात. शटरला हात लागताच भोंगा वाजला तर चोराचं अकरा मिनिटांचं काम बाकी असतं, आणि पोलीस चार मिनिटं आधी पोचतात. जाळीपाशी वाजला तरी आठ मिनिटं उरतात, म्हणजे कसंबसं जमतं. पण पहिला भोंगा तिजोरीपाशी वाजणार असेल, तर पोलीस येतात ते पंचनाम्यालाच. म्हणून या दुकानात जाळी ही शेवटची वेळ. त्यापुढे कितीही भारी कॅमेरा बसवला तरी तो चोरी टिपेल, थांबवणार नाही.

अणुकेंद्राचंही असंच. कुंपण, मोकळी जागा, भिंत, दार, पुन्हा दार. प्रत्येक ठिकाणी दिसण्याची शक्यता किती, अडखळण्याचा वेळ किती, आणि सशस्त्र जवान पोचायला किती वेळ. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हल्ल्यानंतर या प्रश्नाला धार आली. १९७५ साली अणुसामग्रीच्या राखणीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी निघाल्या, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने वरचं गणित सूत्रात बसवलं. ते खिशात मावणाऱ्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर चालायचं. आज प्रशिक्षणवर्गांत तेच एक्सेलच्या पानावर शिकवतात. पुढे एका वाटेऐवजी शेकडो वाटा तपासून सर्वांत कच्ची वाट शोधणारे प्रोग्रॅम आले. मग नकाशावर दोन्ही बाजूंचे सैनिक हलवून, नशिबाचा भाग फासे टाकावेत तसा घालून, तीच चकमक पुन्हा पुन्हा खेळवणारे आले. या फाशांच्या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात, आणि ती १९४०च्या दशकात अण्वस्त्रांच्या आकडेमोडीतूनच पुढे आली.

ही साधनं कितपत खरं बोलतात, हे बघायचं तर अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ओक रिजला जावं लागतं. समृद्ध युरेनियमचा मोठा साठा तिथे आहे. जून २००३मध्ये तिथल्या पहारेकऱ्यांची खोट्या हल्ल्यांनी परीक्षा झाली. हल्ल्याचे चार प्रसंग ठरले होते. आधी संगणकावर खेळवून पाहिलं, तर किमान दोन प्रसंगांत पहारेकरी सपशेल हरतील असं दिसत होतं. प्रत्यक्षात ते चारही जिंकले. निकाल इतका चांगला लागला की वरिष्ठांनाच शंका आली. जानेवारी २००४च्या चौकशी अहवालात कारण बाहेर आलं. परीक्षेच्या थोडं आधी दोन पहारेकऱ्यांना हेच संगणकावरचे चार हल्ले बघू दिले होते. पेपर फुटला होता. परीक्षेचा निकाल विश्वास ठेवण्याजोगा राहिला नाही, असं अहवालात लिहावं लागलं. संगणकाचं भाकीत आधी नोंदलेलं नसतं, तर त्या चार विजयांचं कौतुकच झालं असतं. या साधनांच्या बाजूने याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही.

पण प्रोग्रॅमला चोर किती, कसले, कशाने सज्ज, हे आधी सांगावं लागतं. या गृहीत शत्रूचं वर्णन सरकार ठरवतं आणि गुप्त ठेवतं. गुप्त ठेवणं योग्यच. वाद आहे तो त्या वर्णनातून काय वगळायचं याचा, आणि तो वाद जुना आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या फ्लोरिडात टर्की पॉइंटला अणुभट्ट्यांची परवानगी मागितली गेली. क्यूबा समोरच. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात आल्याचं १९६२चं संकट ताजं होतं, तेव्हा तिकडून हल्ला झाला तर काय, अशी हरकत एका नागरिकाने घेतली. उत्तर म्हणून १९६७ साली नियम झाला, की देशाच्या शत्रूपासून बचाव करण्याची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्याची नाही. ते सरकारचं काम. १९६८ साली न्यायालयानेही तो नियम उचलून धरला.

२००१पर्यंत हे चाललं. विमानं अपहरण करून इमारतींवर घालणारे एकोणीस जण ‘देशाचा शत्रू’ की गुन्हेगार? शत्रू म्हटलं की कंपनी सुटते, गुन्हेगार म्हटलं की खर्च तिच्या गळ्यात. २००७च्या सुधारित नियमात गृहीत हल्ल्यातून विमान बाहेरच ठेवलं गेलं. विमान अडवणं विमानतळांचं आणि सरकारी यंत्रणांचं काम, असा युक्तिवाद होता. २००९मध्ये नव्या भट्ट्यांच्या आराखड्यात मोठं प्रवासी विमान आदळल्यास काय होईल हे तपासणं बंधनकारक झालं. आधीपासून चालू असलेल्या भट्ट्यांना तो नियम लागू केला नाही. मला ही विभागणी पटत नाही. आदळणारं विमान भट्टीचं वय विचारून येत नाही. आणि वगळलेला हल्ला प्रोग्रॅममध्ये कधी येतच नाही, त्यामुळे निघणारा आकडा दिसायला छान दिसतो.

जुलै २०१२मध्ये पुन्हा ओक रिज. तीन शांततावादी, त्यांतली एक ८२ वर्षांची ख्रिस्ती नन, रात्री एकामागून एक कुंपणं कापत युरेनियम साठवलेल्या इमारतीच्या भिंतीपर्यंत गेले. भिंतीवर घोषणा लिहिल्या, रक्त शिंपडलं. इशारा देणारी उपकरणं वाजली होती. पण खोटे इशारे रोजचेच झाल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही, आणि तिथला कॅमेरा बंद होता. गणितातल्या ‘दिसण्याची शक्यता’ या रकान्यात उपकरणाची क्षमता भरतात. ती ऐकून कंटाळलेल्या माणसाची भरत नाहीत. त्या रात्री फरक तिथेच पडला.

भारतात अणुसामग्रीच्या राखणीचा आंतरराष्ट्रीय करार २००२ साली स्वीकारला गेला, त्यातली २००५ची दुरुस्ती २००७मध्ये. हरियाणात बहादूरगडजवळ उभ्या राहिलेल्या केंद्रात हा विषय शिकवला जातो. २०१९मध्ये कुडनकुलमच्या प्रशासकीय संगणकजाळ्यात घातक प्रोग्रॅम सापडल्याचं मान्य करण्यात आलं. भट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, असं सांगण्यात आलं. तेव्हापासून कुंपणाचं आणि संगणकजाळ्याचं गणित एकत्र मांडायला हवं ही मागणी वाढली आहे. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये ती अजून उतरलेली नाही. त्यांचे हल्ले अजूनही कुंपणाबाहेरून सुरू होतात.

बेल्जियममध्ये डूलच्या अणुकेंद्रात ऑगस्ट २०१४ला कुंपण कुणीच ओलांडलं नव्हतं. आतल्याच कुणीतरी एक झडप उघडली. टर्बाइनचं सुमारे ६५,००० लिटर वंगण तेल वाहून गेलं, टर्बाइन खराब झालं आणि चौथी भट्टी डिसेंबरपर्यंत बंद राहिली. कुणी केलं, ते तपासातून निष्पन्न झालं नाही.