असेंबल्ड संगणक

असेंबल्ड संगणक म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट हे भाग निरनिराळ्या उत्पादकांकडून घेऊन दुकानात किंवा घरी जोडलेला वैयक्तिक संगणक. त्यातला एखादा भाग बिघडला किंवा अपुरा पडू लागला, तर तेवढाच बदलता येतो. नाशिकमध्ये छापखाने, कर सल्लागारांची कार्यालये, संगणक प्रशिक्षण वर्ग आणि मध्यमवर्गीय घरे यांत संगणक पोहोचला, त्यात या प्रकाराचा वाटा फार मोठा आहे. महात्मा गांधी रस्ता आणि शरणपूर रस्ता परिसरातील दुकानदार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणत आणि गिऱ्हाइकाला कागदावर ‘कॉन्फिगरेशन’ लिहून देत. महाराष्ट्रातील भारनियमनाच्या काळात त्या यादीच्या शेवटी यूपीएस हमखास असे.

या पद्धतीचे मूळ ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीत आहे. ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाचा इंटेल ८०८८ प्रोसेसर असलेल्या या यंत्रात जादा सोयी देणाऱ्या विस्तार-कार्डांसाठी मोकळे स्लॉट होते, आणि आयबीएमने त्याची विद्युत-आकृती व बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅमची, संहितासुद्धा तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. बायोसवर स्वामित्वहक्क होता. परंतु कॉम्पॅकने ती संहिता न उचलता तसेच काम करणारा स्वतःचा बायोस लिहिला, आणि पुढे फिनिक्स कंपनी तसा बायोस इतर उत्पादकांना विकू लागली. त्यानंतर आयबीएमशी सुसंगत यंत्र कोणालाही बनवता येऊ लागले. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा आराखडा ठरवून बोर्डाचा आकार, स्क्रूंची छिद्रे आणि वीजपुरवठ्याची जोडणी यांत एकवाक्यता आणली. हा आराखडा इतका टिकाऊ ठरला, की त्या काळातील चांगल्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा एटीएक्स बोर्ड सहसा त्याच छिद्रांवर बसतो.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने विस्तार-स्लॉटचे महत्त्व आणखी वेगळे होते. विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीच्या काळात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवण्याची सोय मुळात नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या कामातून जिस्ट कार्ड तयार झाले. ते स्लॉटमध्ये बसवले की तोच संगणक मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषा दाखवू शकत असे. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे संकेतन, म्हणजे अक्षरांना सांकेतिक आकडे देण्याची पद्धत, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. म्हणजे मराठीसाठी केलेली पहिली दर्जावाढ ही सॉफ्टवेअरइतकीच हार्डवेअरचीही होती, आणि संगणकाच्या इतिहासात तिची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली जात नाही. विंडोज आल्यावर कार्डाची जागा खासगी संकेतनाच्या फॉन्टांनी घेतली. यांपैकी काही टंकप्रणाली प्रिंटर पोर्टला डोंगल (परवान्याची खूण असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय चालत नसत, त्यामुळे लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवणाऱ्या अनेक डीटीपी चालकांना प्रिंटर पोर्ट असलेला जुना संगणक सांभाळून ठेवावा लागला.

दर्जावाढ कुठवर करता येईल हे मदरबोर्ड ठरवतो. डेस्कटॉपच्या रॅमच्या पिढ्यांपैकी डीडीआरला १८४ पिना, डीडीआर२ आणि डीडीआर३ ला २४०, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८ पिना असतात. पिनांची संख्या सारखी असली तरी खाचेची जागा व व्होल्टेज वेगळे असल्याने एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या बोर्डात चालत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची बोर्डावरील जागा) टिकले तर ग्राहकाचा मोठा फायदा होतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मधील अनेक बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर २०२० च्या रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर स्वीकारतात. असे क्वचितच घडते.

जुन्या संगणकासाठी एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल, तर तो एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, करावा. हार्ड डिस्कमध्ये वाचक-शीर्ष योग्य जागी सरकण्यात काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे हा वेळ मायक्रोसेकंदांवर येतो, आणि संगणक सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जात असल्याने हा फरक लगेच जाणवतो. साटा या नेहमीच्या डिस्क-जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत पोहोचतो. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी याहून कितीतरी वेगवान असते, मात्र जुन्या बोर्डांचा बायोस तिच्यावरून संगणक सुरू करू शकत नाही. एसएमपीएसवर काटकसर करणे मात्र सर्वथा चुकीचे आहे, कारण निकृष्ट एसएमपीएस जळताना बोर्ड आणि डिस्कलाही सोबत नेऊ शकतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, इंटेलच्या बाबतीत ते सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे असावे लागतात; त्यामुळे सुस्थितीतील असंख्य संगणक अधिकृत यादीबाहेर पडले. त्यांच्यावर लिनक्स चालवणे हा योग्य पर्याय आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मेमरी चिपची मागणी वाढल्याने रॅमचे दर चढले, आणि रॅम वाढवण्याचे स्वस्त काम महाग झाले. लॅपटॉपच्या बोर्डावर रॅम कायमची झाळण्याची प्रथा वाढत असताना मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात मेमरीचे पातळ मोड्यूल स्क्रूने बोर्डावर बसवता येते. हे मानक रुजले तर बदलता येणारी रॅम लॅपटॉपमध्ये परत येईल.

जुने संगणक जतन करण्यामागे हौस असते, तशी गरजही असते. नाशिकच्या सातपूर आणि अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत चालणाऱ्या प्रकारच्या जुन्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांना प्रोग्रॅम आरएस-२३२ सिरीयल पोर्टातून दिला जातो, आणि काही नियंत्रण-कार्डे केवळ आयएसए या जुन्या प्रकारच्या विस्तार-स्लॉटमध्येच बसतात. ३८६ आणि ४८६ बोर्डांवरील झाळलेली निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते, म्हणून बोर्ड हाती आल्याबरोबर ती कापून काढावी आणि गळालेला अल्कधर्मी अंश सौम्य व्हिनेगरने उदासीन करावा. साधारण १९९९ ते २००७ या काळातील बोर्डांवर फुगलेले कपॅसिटर आढळतात, ते बदलता येतात. साटापूर्वीच्या आयडीई जोडणीच्या, बंद पडत चाललेल्या डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरने लावता येते, कारण त्या कार्डाची विद्युत-जोडणी आयडीईशी सुसंगत आहे. नाशिकच्या पावसाळी दमटपणात फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्यास शीर्षही खराब होते, म्हणून आधी चकती तपासावी. जे भाग उपयोगाचे उरत नाहीत ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्यायचे असतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असल्याने ती भंगारात फोडू देऊ नये.

जुन्या डिस्कवरील मराठी मजकूर वाचवताना आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढून घ्यावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे. मूळ फॉन्टही त्याच वेळी जपून ठेवावेत, कारण मजकुराचे संकेतन फॉन्टागणिक बदलते आणि रूपांतरक निवडण्यासाठी फॉन्टचे नाव माहीत असावे लागते. युनिकोडमध्ये रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात. त्या मूळ छापील प्रतीशी ताडून ओळीगणिक सुधाराव्या लागतात.